तिसरी पट्टी

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापडवाल्यांची एक अरुंद गल्ली होती. खाली दुकान, वर बिऱ्हाड, अशी बावीस घरं. बहुतेक मंडळी दोन-तीन पिढ्यांपूर्वी मिरज-सांगलीकडून आलेली. एकोणीसशे एकोणऐंशी साली त्यांतल्या फक्त दोघांकडे सरकारी फोन होता. बाकीच्यांनी अर्ज करून सहा-सात वर्षं झाली होती आणि आता अर्ज केल्याचंही ते विसरले होते.

अशात गावाबाहेरचा एक सूतगिरणीचा कारखाना बंद पडला आणि त्यांचा आतला जुना टेलिफोन बोर्ड लिलावात निघाला. व्यापारी मंडळाने तो उचलला. मंडळाच्या वाचनालयामागच्या खोलीत बोर्ड बसला, भिंतीभिंतीने तारा गेल्या. प्रत्येक दुकानात आणि वरच्या घरात एकाच तारेवर एकेक लाकडी पेटी आली. पेटीची कडी गरागरा फिरवली, की बोर्डावर त्या दुकानाच्या नंबराचं पितळी झाकण टपकन खाली पडायचं. मग बोर्डावर बसलेल्या माणसाने विचारायचं, कोण पाहिजे, आणि बोर्डावरची तारेची दोरी त्या नंबराच्या भोकात खुपसायची.

बोर्डावर बसायला मथुराबाई तांदळे मिळाल्या हे मंडळाचं नशीब. सरकारी ट्रंक एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. केशवापूरला राहायच्या, सिटी बसने नऊला हजर. मराठी, कन्नड आणि कामापुरतं इंग्रजी. त्यांची एकच बढाई होती. "बत्तीस वर्षांत मी कुणाचं बोलणं ऐकलं नाही. कानावर पडतं ते वेगळं."

बोर्डाच्या खालच्या अंगाला तीन पितळी पट्ट्या होत्या. प्रत्येकीला सहा भोकं. एका पट्टीवर सहा लाइनी जोडल्या, की सहाही घरं एकमेकांचं ऐकत, बोलत. याला गल्लीत 'बैठक' म्हणायला लागले. पहिल्या पट्टीवर सकाळी साडेनऊला कापडाच्या भावाची बैठक. दुसरीवर संध्याकाळी मंडळाच्या सूचना. तिसरी पट्टी रिकामी होती, आणि सगळं भांडण या तिसऱ्या पट्टीवरून झालं.

मंडळाचे सेक्रेटरी गुंडूअण्णा पतंगे. साड्यांचे ठोक व्यापारी, पण खरा जीव नियमांत. नवी बैठक कशी सुरू करायची याचे त्यांनी सतरा नियम केले. अर्ज चार प्रतींत. विषय व्यापार, धर्म किंवा समाज यांपैकी एका सदरात बसला पाहिजे. अर्ज पंधरा दिवस फळ्यावर. मग दर दुकानाला एक मत, आणि बाजूची मतं विरोधी मतांपेक्षा किमान आठाने जास्त. एवढं करूनही शेवटचा निर्णय उपसमितीचा. उपसमितीत गुंडूअण्णा, अध्यक्ष बाळाप्पा महेंद्रकर आणि तिसरे एक सभासद, जे बेळगावला राहायला गेले होते. बाळाप्पांना धोतरजोड्यांपलीकडे कशात रस नव्हता. ते सगळ्याला "हौदु, हौदु" म्हणत. कन्नडात हौदु म्हणजे होय. पण बाळाप्पांच्या तोंडी त्याचा अर्थ 'आवरा आता' असा असायचा.

पहिला अर्ज बटणवाल्या गोपाळचा. विषय: क्रिकेट. कुठल्याही सदरात बसत नाही म्हणून परत. दुसरा अर्ज आला तो बाळाप्पांच्या आईचा, सोनाबाईंचा. वय चौऱ्याहत्तर. जिना उतरणं बंद झालेलं. गल्लीतल्या तिच्या वयाच्या बायकाही अशाच आपापल्या माडीवर अडकलेल्या. तिने नातीकडून लिहून घेतलं होतं: 'विषय: गुडघे. वेळ: दुपारी दोन.'

उपसमितीची सभा वाचनालयातच भरली. मथुराबाई पलीकडे बोर्डावर होत्या, तेव्हा कानावर पडलं.

"गुडघे कुठल्या सदरात बसतात?" गुंडूअण्णांनी विचारलं.

"हौदु," बाळाप्पा म्हणाले, "गुडघे बसतच नाहीत. तोच तर तिचा त्रास आहे."

गुंडूअण्णांनी विषय बदलून 'आरोग्य' केला. तो फळ्यावर लागताच एका दुकानदाराने हरकत घेतली, आरोग्य म्हटलं तर उद्या कुणी मूळव्याध काढेल. मग 'वातविकार (समाज)' असं ठरलं आणि मतदान झालं. बाजूने अकरा, विरुद्ध सहा. फरक पाच. अर्ज नामंजूर.

सोनाबाईंनी कडी फिरवली. "मथुरा, कोणी गं दिली ही मतं?"

"दुकानवाल्यांनी, अव्वा." अव्वा म्हणजे आई, सगळी गल्ली सोनाबाईंना तेच म्हणायची.

"त्यांचे गुडघे दुखतात काय?"

"नाही."

"मग गुडघे माझे आणि मत त्यांचं, हा कुठला न्याय म्हणायचा?"

नियम म्हणजे नियम, बत्तीस वर्षं मथुराबाईंनी तेच केलं होतं. "दुसरं कोण हवंय?" एवढंच त्यांनी विचारलं.

पण पुढच्याच आठवड्यात गुंडूअण्णा एक चिठ्ठी घेऊन आले. 'तातडीची बैठक. तिसरी पट्टी. रोज चार वाजता.' सहा नंबर खाली लिहिलेले.

"अर्ज? मतदान?" मथुराबाईंनी विचारलं.

"तातडीला मतदान लागत नाही. नियम सोळा."

"तातडी कसली आहे?"

गुंडूअण्णांनी काखेतली जाड वही दाखवली. "पतंगे घराण्याचा इतिहास लिहितोय. लोकांना वाचून दाखवावा, सूचना घ्याव्यात असं आहे."

"यात तातडी कसली?"

"आता माझं वय बावन्न. पुरा व्हायच्या आत मला काही झालं तर?"

चार वाजता सहा लाइनी जोडल्या गेल्या. गुंडूअण्णा वाचू लागले: मूळ पुरुष, त्यांची तलवार, त्यांचा पांढरा घोडा, त्या घोड्यावरून हुबळीत झालेलं आगमन. मथुराबाईंच्या कानावर दुसऱ्या बाजूचं पडत होतं. एका दुकानात कात्री कापडातून सरसर चालली होती. एकात गिऱ्हाईक किमतीवरून घासाघीस करत होतं. एकात कुणीतरी घोरत होतं. वाचन संपल्यावर गुंडूअण्णांनी विचारलं, "कसं वाटलं?" घोरणारा दचकून "छान, छान!" म्हणाला.

हे दहा दिवस चाललं. अकराव्या दिवशी बसमधून येताना मथुराबाईंना आठवलं, की खात्यात रोज दुपारी लाइनींची चाचणी व्हायची. ती घेण्याचा अधिकार ऑपरेटरचा. त्याला अर्ज नाही, मत नाही. दुर्गदबैल येईपर्यंत त्या गालात हसत होत्या, आणि कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं.

दुपारी दोनला गल्ली झोपायची. फळ्या अर्ध्या लावून पुरुष गादीवर आडवे. मथुराबाईंनी सोनाबाईंची आणि आणखी पाच घरांची लाइन तिसऱ्या पट्टीवर घेतली आणि घंटी दिली.

"हॅलो, लाइनीची चाचणी. एक, दोन, तीन."

"चार, पाच," सोनाबाईंचा आवाज आला, "आणि सहावा माझा उजवा गुडघा. कोण कोण हाय गं?"

मग जे सुरू झालं ते पाऊण तास थांबलं नाही. चार-चार वर्षांत एकत्र न बसलेल्या बायका, मध्ये फक्त दोन भिंती. कुणाचा डावा, कुणाचे दोन्ही. मथुराबाई पाठ ताठ करून समोर बघत बसल्या, जणू कानाला काही लावलेलंच नाही. तेवढ्यात निरगुडीच्या पाल्यावरून वाद निघाला, वाटून लावायचा की उकळून शेकायचं.

"मथुरा, तू सांग," सोनाबाई म्हणाल्या.

मथुराबाईंनी एक दोरी उगाच सरळ केली.

"अगं, ऐकतेस ते ठाऊक आहे आम्हाला. मघाशी हसलीस की."

बत्तीस वर्षांची बढाई तिथेच संपली. मग मथुराबाई हळूच म्हणाल्या, "उकळून. वर एरंडाचं पान बांधायचं."

चाचणी रोजची झाली. गुडघ्यांवरून लोणच्यावर, लोणच्यावरून स्थळांवर गेली. ज्यांच्या मुली लग्नाच्या होत्या त्यांना गुडघ्यांचा कंटाळा आला, तेव्हा दुसरी चाचणी दुसऱ्या पट्टीवर सुरू झाली. दुपारी ती मोकळीच असायची. गोपाळला सुगावा लागला. तो खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"अक्का, मलाही पाहिजे."

"काय?"

"चाचणी. तुमच्या खात्यात तिला टेस्टच म्हणतात ना? मीपण टेस्टच मागतोय. पाकिस्तानबरोबरची."

मथुराबाईंनी त्याला पहिली पट्टी दिली. गोपाळ रिसीव्हर ट्रान्झिस्टरसमोर ठेवायचा आणि मधल्या चहाच्या वेळेत पाच घरं मिळून संघ निवडायची.

आणि याच दिवसांत मथुराबाईंच्या हातून एक गोष्ट घडली, जिची त्यांना नंतर लाज वाटली. तीन सुना एके सकाळी भाजीच्या पिशव्या घेऊन आल्या. त्यांना एक चाचणी हवी होती, फक्त सुनांची. विषय त्यांनी सांगितला नाही, पण तो कळायला अवघड नव्हता. त्यांतली एक सोनाबाईंचीच सून होती. मथुराबाईंच्या डोळ्यांपुढे सोनाबाईंचा चेहरा आला.

"पट्टीत बिघाड आहे," त्या म्हणाल्या. "दुरुस्त झाली की सांगते."

सुना गेल्या. पट्टीत काही बिघाड नव्हता.

महिनाभराने एका दुपारी गुंडूअण्णांना झोप लागेना. मूळ पुरुषांच्या पागोट्याचा रंग आठवला आणि तो लगेच कुणालातरी सांगावासा वाटला. त्यांनी दुकानातला रिसीव्हर उचलला. वर त्यांची बायको विमला त्याच तारेवर चाचणीत होती. कडी फिरवायच्या आतच त्यांना तिचा आवाज ऐकू आला.

"...आमचे रोज चारला वाचतात की. मी रिसीव्हर डाळीच्या डब्यावर ठेवते आणि भाजी निवडते. पाचव्या पिढीपर्यंत आलेत."

"तो पांढरा घोडा कुठून आला गं?" सोनाबाई म्हणाल्या. "यांचा आजा सुताच्या बैलगाडीमागून चालत आला हुबळीला. आमच्या सासऱ्यांच्या पडवीत आठ दिवस राहिला होता. पायाला हे एवढे फोड."

"खोटं! साफ खोटं!" गुंडूअण्णा ओरडले.

बायकांनी दचकून कड्या फिरवल्या आणि बोर्डावर सहा झाकणं एकदम पडली.

दोन मिनिटांत गुंडूअण्णा खोलीत, अनवाणी, बनियनवर. "मथुराबाई! कुणाच्या परवानगीने?"

"लाइनीची चाचणी आहे."

"महिनाभर?"

"लाइनी जुन्या आहेत, अण्णा."

"कुठली बैठक असावी, कुठली नसावी हे उपसमिती ठरवते! दोरी खुपसणाऱ्याने नाही ठरवायचं!"

मथुराबाईंनी डोक्यावरचा हेडसेट काढला, गुंडाळी करून टेबलावर ठेवला. "बरोबर. मग उद्यापासून उपसमितीनेच दोऱ्या खुपसाव्यात." पिशवी उचलून त्या बसस्टॉपवर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडूअण्णा स्वतः बोर्डावर बसले. नऊ ते साडेनऊ बरं गेलं, कारण कुणी कडी फिरवली नाही. साडेनऊला बारा झाकणं एकत्र पडली. त्यांनी घामाने ओल्या बोटांनी दिसेल ती दोरी दिसेल त्या भोकात घातली. त्याच वेळी पलीकडच्या माडीवरच्या अनुसयाबाईंनी सोनाबाईंना आपल्या मुलीसाठी एखादं स्थळ बघायला सांगावं म्हणून कडी फिरवली होती, आणि त्यांची लाइन जाऊन भावाच्या बैठकीत पडली.

"रंग उजळ आहे, अव्वा. उंची पाच फूट दोन."

"पन्हा किती?" एका दुकानातून विचारणा झाली.

"अं? कोण? ...स्वभाव मऊ आहे हो अगदी."

"मऊ ठीक, पण धुतल्यावर आटणार नाही ना? मागच्या खेपेचं सगळं आटलं."

"आणि डाग असला तर परत घ्यावा लागेल," दुसरा म्हणाला.

"हौदु," बाळाप्पा म्हणाले, "एकच आहे की डझनात देणार?"

अनुसयाबाई हातात झारा घेऊन जिना उतरल्या. कुठल्या दुकानात जायचं ते ठाऊक नसल्यामुळे त्या क्रमाने सगळ्यांत गेल्या. अकरा वाजेपर्यंत गल्लीत धंदा झाला नाही. साडेअकराला बाळाप्पांनी आयुष्यातला पहिला स्वतंत्र निर्णय घेतला. त्यांनी रिक्षा केली आणि केशवापूरला जाऊन मथुराबाईंपुढे हात जोडले.

"येते," मथुराबाई म्हणाल्या, "पण आधी सगळ्यांची सभा. बायकांसकट."

रविवारी सकाळी वाचनालयात पुरुष बाकांवर आणि बायका कापडाच्या गाठींवर बसल्या. सोनाबाईंना दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं. गुंडूअण्णांनी सतरा नियम वाचून दाखवले. त्यांचं म्हणणं, व्यवस्था कुणीतरी ठेवायला हवी. उद्या कुणीही काहीही मागेल. गोपाळ म्हणाला, मागू द्या. अनुसयाबाई म्हणाल्या, आधी माझ्या मुलीला डझनात मागणारा कोण ते कळू दे. बाळाप्पा छताकडे बघू लागले.

"मथुरा, तू बोल," सोनाबाई म्हणाल्या. "तूच आमचं चालवलंस. तूच ठरवत जा. आम्हाला चालतंय."

मथुराबाई उभ्या राहिल्या. बोर्डावर त्यांचा आवाज खणखणीत असे. इथे माणसांची तोंडं दिसत होती, त्यामुळे जड गेलं.

"मी नको," त्या म्हणाल्या. "अण्णांनी नियम दाखवून नाही म्हटलं. मी त्यांच्यापेक्षा वाईट केलं. तिघी सुना माझ्याकडे बैठक मागायला आल्या होत्या. मला ती आवडली नाही. मी सांगितलं, पट्टीत बिघाड आहे. बिघाड नव्हता."

गाठींवर बसलेल्या तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांतली एक गोरीमोरी झाली.

"सुनांची कसली बैठक?" सोनाबाईंनी विचारलं.

सोनाबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग खुर्चीचे हात धरून हसायला लागल्या. "माझ्याबद्दल बोलायचं होतं होय! अगं, मग बोला की. आम्ही रोज दुपारी काय तुमची आरती करतोय असं वाटलं काय?"

हसण्याचा गलका शमल्यावर मथुराबाईंनी आपला तोडगा सांगितला. विषय विचारायचा नाही. चार घरांनी एका वेळी कडी फिरवली आणि पट्टी मोकळी असली, की बैठक जोडायची. पट्टी एक आणि मागणाऱ्या दोन झाल्या तर एक दिवस ही, एक दिवस ती. आठवडाभर चारपेक्षा कमी जण आले तर बैठक बंद. भावाची सकाळची तेवढी पक्की.

"म्हणजे विषय कुठल्या सदरात—" गुंडूअण्णा उठले.

"सदर नाही."

"मग उपसमितीने करायचं काय?"

"उपसमितीलाही बैठक मिळेल," मथुराबाई म्हणाल्या. "चौघं असले तर."

"आम्ही तिघंच आहोत!"

बाळाप्पा या वेळी मोठ्याने म्हणाले, "हौदु!" अध्यक्षांनी होय म्हटलं असं धरून लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुंडूअण्णांनी ठराव वहीत लिहिला. निब कागदातून पलीकडे गेलं.

सोमवारी चार वाजता गुंडूअण्णांनी कडी फिरवली. बोर्डावर दुसरं कुठलंच झाकण पडलं नाही. विमला वरून त्याच तारेवर होती, तिची मोजणी वेगळी होत नव्हती. मंगळवारी गोपाळने दयेपोटी एक झाकण पाडलं. बुधवारी तेही नाही. मथुराबाईंना हेडसेटमधून गुंडूअण्णांचा श्वास ऐकू येत होता.

"अण्णा, आठवड्याचे तीन दिवस बाकी आहेत," त्या म्हणाल्या. मग जे ऑपरेटरने कधी बोलू नये ते बोलल्या. "सोनाबाईंना विचारून बघा. त्यांना तुमच्या आजोबांचं ठाऊक आहे."

गुंडूअण्णांनी रिसीव्हर आपटला. पण गुरुवारी ते वही घेऊन बाळाप्पांच्या दुकानावरचा जिना चढले. वर काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. दीड तासाने खाली आले तेव्हा वहीची पहिली नऊ पानं फाडलेली होती.

शुक्रवारी चारला बोर्डावर पाच झाकणं पडली आणि तिसरी पट्टी जोडली गेली. गुंडूअण्णा वाचायला लागले, "माझे आजोबा सुताच्या गाडीमागून चालत—" आणि सोनाबाईंनी अडवलं, "गाडी कुणाची ते सांग की." दुसऱ्या माडीवरची म्हातारी म्हणाली, गाडी आमची. तिसरी म्हणाली, तुमची कुठली, बैल आमचे होते. गुंडूअण्णांना त्या दिवशी एक ओळ वाचता आली. त्यांनी चार पानं लिहून घेतली. पुढच्या महिन्यात त्या बैठकीला सहा भोकं पुरेनात आणि लोक शेजारच्या घरी जाऊन एका रिसीव्हरला दोघं-दोघं कान लावू लागले. सुनांची बैठक तीन आठवडे रंगली. मग त्यांचं सासवांबद्दलचं बोलून संपलं आणि त्या शिवणकामाकडे वळल्या.

पावसाळ्यात मथुराबाईंनी पहिल्यांदा आठ दिवसांची रजा मागितली. बोर्ड विमला शिकली होती. तिचा हात हलका होता. मथुराबाईंनी केशवापूरच्या घरी पहिले दोन दिवस कपाटं आवरली. तिसऱ्या दिवशी दोन वाजता त्या उगाच घड्याळाकडे बघत बसल्या. चौथ्या दिवशी त्यांनी बस पकडली, वाचनालय टाळून थेट सोनाबाईंच्या माडीवर गेल्या.

"बरं नाही काय गं?" सोनाबाईंनी विचारलं.

"बरं आहे. सहज आले."

सोनाबाईंनी भिंतीवरच्या पेटीकडे बोट दाखवलं. मथुराबाईंनी कडी फिरवली, रिसीव्हर कानाला लावला.

"कोण हवंय?" विमलाचा आवाज आला, अगदी त्यांच्यासारखाच कोरडा.

तेहतीस वर्षांत हा प्रश्न मथुराबाईंना कुणी विचारला नव्हता. त्या गोंधळल्या.

"कुणीही चालेल," त्या म्हणाल्या. "जिथे गप्पा चालल्यात तिथे जोड."